निळ्या कागदाचं ऑडिट

मी विज्ञान शिकवतो, असं गेली कित्येक वर्षं सांगत आलोय आणि आजवर कुणी त्याला हरकत घेतलेली नाही. काळेवाडीतल्या आमच्या शाळेत नववी-दहावीचं विज्ञान माझ्याकडे असतं. निकाल उत्तम लागतो, पालक दिवाळीला फराळाचा डबा आणून देतात, आणि फळ्यावर मी बर्नर असा काढतो की मागच्या बाकावरच्या पोरालाही ऊब लागावी. खरा बर्नर मी नोकरीत एकदाच पेटवला. तो विझवायला शिपायाला हाक मारावी लागली. तेव्हापासून बर्नर फळ्यावरच बरा, असं माझं शैक्षणिक मत झालं.

नाव ज्योतीराम ढगे, बीएस्सी बीएड, मूळचा अंबाजोगाईकडचा. आमच्या कॉलेजातही प्रयोग व्हायचे, पण एका टेबलाभोवती सगळी बॅच उभी असायची. एकजण करायचा आणि बाकीचे बघायचे. मी बघणाऱ्यांमध्ये होतो, तेही मागच्या रांगेत. त्यामुळे माझं विज्ञान फार स्वच्छ राहिलं. त्यात कधी काही सांडलं नाही, फुटलं नाही की चुकलं नाही.

शिकवायची माझी एक खास पद्धत आहे. मी विचारायचं, "आम्लात निळा लिटमस?" आणि अख्ख्या वर्गानं ओरडायचं, "लाल." मग मी, "आम्लारीत लाल लिटमस?" वर्ग, "निळा." मध्येच मी मुद्दाम चुकीचं बोलायचो, "म्हणजे आम्लात निळा कागद निळाच राहतो, बरोबर ना रे?" की पोरं छप्पर उडवायची, "न्हाई सर, लाल." फसत नाहीत म्हणजे पक्कं झालं, असा त्यामागचा हिशोब. ही युक्ती मी इतर शाळांच्या शिक्षकांनाही शिकवली आहे. त्याबद्दल तालुक्याच्या एका शिबिरात माझा नारळ देऊन सत्कारही झाला.

तर अशा आमच्या शाळेला चाकणच्या एका कंपनीनं प्रयोगशाळा बांधून दिली. नुसती खोली नाही. टेबलं, कपाटं, परीक्षानळ्या, रसायनं आणि वर एक शिक्षिकाही. मिनल मॅडम. त्यांचा पगार कंपनी द्यायची. आधी त्या थेरगावला, डांगे चौकाजवळच्या एका क्लासमध्ये माइक लावून शिकवायच्या. "सर, तिथं मुलांचे चेहरे दिसत नाहीत," असं त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. आमच्याकडे त्या दर गुरुवारी पोरांचे गट करून प्रयोग घ्यायला लागल्या आणि पोरं गुरुवारी गैरहजर राहीनाशी झाली. मला जरा वाईट वाटलं. माझ्या तासाला ताप येणारी पोरं त्यांच्या तासाला ठणठणीत असायची.

प्रयोगशाळेबरोबर कंपनीनं आपली शिस्तही दिली. कारखान्यात 'फाइव्ह एस' नावाची एक जपानी पद्धत असते. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, जागेवर नाव, जमिनीवर पिवळे पट्टे, सगळं लखलखीत. आमच्या निम्म्या पोरांचे वडील चाकणला नाहीतर भोसरीला कामाला, त्यांना यात नवीन काही नाही. एका पालकाच्या घरी तर मी दाराशी चपलांसाठीसुद्धा पिवळी चौकट आखलेली पाहिली आहे. मला ही पद्धत बघताक्षणी आवडली. विज्ञानात मला जे जमण्यासारखं होतं, ते इतक्या वर्षांनी सापडलं होतं.

मुख्याध्यापिका इंद्रायणी मॅडमनी मला प्रयोगशाळेचा प्रमुख केलं आणि मी कामाला लागलो. भिंतीवर फळी लावली. तिच्यावर प्रत्येक चिमट्याची, चंचुपात्राची बाह्यरेषा काढली, म्हणजे वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती दिसते. रसायनांच्या बाटल्यांवर हिरवी रेघ मारली. द्रव त्या रेघेपर्यंत असला पाहिजे. चित्रकला बरी असल्याचा आयुष्यात प्रथमच उपयोग झाला. संध्याकाळी सगळं जागच्या जागी बघून मला इतकं समाधान वाटायचं की मी दिवे बंद करायलाही रेंगाळायचो.

अडचण एकच होती. मिनल मॅडम ती प्रयोगशाळा वापरायच्या.

"मॅडम, टेबलावर डाग पडलाय," मी म्हणायचो.

"सर, प्रयोग झालाय," त्या म्हणायच्या.

गुरुवार संपला की फळीवर रिकाम्या आकृत्या, बाटल्या रेघेच्या खाली आणि एखादी परीक्षानळी फुटलेली. मी शुक्रवारी सगळं जागेवर लावायचो. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण माझ्या हातातलं फडकं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि त्यांच्या हातातली बाटली बघून माझ्या.

मग कंपनीचं पत्र आलं. वर्षअखेर ऑडिट होणार. प्रयोगशाळेला हिरवा शेरा मिळाला तर मिनल मॅडमची जागा पुढे चालू राहील, लाल मिळाला तर मदत दुसऱ्या शाळेला जाईल. इंद्रायणी मॅडमनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. मिनल मॅडमनी पाण्याची बाटली उघडून न पिताच बंद केली.

मला त्यांची काळजी वाटली, हे खरं. पण सगळंच खरं सांगायचं तर त्याहून जास्त काळजी माझी वाटली. त्या गेल्या की गुरुवार माझ्या गळ्यात पडणार होते. पोरं विचारणार, "सर, आज काय करायचं?" आणि मी फळ्यावर बर्नर काढणार. एक वर्ष खरा बर्नर बघितलेली पोरं आता त्यावर समाधान मानणार नव्हती. तेव्हा मिनल मॅडमना वाचवायचंच, असं मी ठरवलं, आणि त्यासाठी पहिलं काम काय केलं, तर प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

"ऑडिट होईपर्यंत प्रयोग बंद," मी सांगितलं.

"सर, नववीचा आम्ल-आम्लारीचा भाग राहिलाय," मिनल मॅडम म्हणाल्या. "आणि आम्लाची बाटली संपलीय. मी तुम्हाला मागेच बोलले होते. मागवताय ना?"

"मागवतो, मागवतो. तुम्ही निश्चिंत राहा."

मागवायचं मी विसरलो नव्हतो, मुद्दाम पुढे ढकललं होतं. नवीन बाटली आली असती तर तिच्यावर पुन्हा नाव, पुन्हा रेघ, अक्षरांचं वळण बाकीच्या बाटल्यांशी जुळायला नको का? त्यापेक्षा जुनीच बाटली घेतली, भांड्यांच्या साबणानं तीन-चारदा घासली, आत-बाहेर लख्ख केली आणि बरोबर हिरव्या रेघेपर्यंत नळाचं पाणी भरलं. 'विरल हायड्रोक्लोरिक आम्ल' हे माझ्याच सुंदर अक्षरातलं लेबल तसंच ठेवलं. ऑडिटमध्ये बाटल्या बघतात, उघडत नाहीत. आमच्याकडे इतक्या तपासण्या झाल्या, साहेबांनी चहाच्या कपाशिवाय कशालाच कधी हात लावलेला नव्हता.

ऑडिटच्या दिवशी इंद्रायणी मॅडम नवी पैठणी नेसून आल्या. नववीची पोरं पांढरे कोट घालून टेबलांमागे उभी केली. कोट कपाटातून प्रथमच निघाल्यामुळे घड्यांच्या रेषा तशाच दिसत होत्या. आणि कंपनीचा माणूस जिना चढून आला तर तो आमचाच रविराज. पाच-सहा वर्षांपूर्वी दहावीला माझ्या हाताखालून गेलेला, विज्ञानात जवळजवळ पैकीच्या पैकी. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात टॅब. आला तो सरळ माझ्या पाया पडला.

"सर, तुमच्यामुळेच इथवर आलो," तो म्हणाला. "डिप्लोमा केला, आता क्वालिटीला आहे."

मला भरून आलं. मिनल मॅडमकडे बघून मी हळूच मान हलवली. काम झालंच म्हणून समजा, असा त्याचा अर्थ.

रविराजनं फळी बघितली, पिवळे पट्टे बघितले, कपाटाच्या वर बोट फिरवून धूळ बघितली. बोट स्वच्छ निघालं. टॅबवर हिरवे ठिपके पडत गेले. "सर, आमच्या शॉपफ्लोअरलासुद्धा एवढं नीट नसतं," तो म्हणाला तेव्हा मला वाटलं, आता नोकरी सोडली तरी चालेल.

तेवढ्यात मिनल मॅडमचं लक्ष कपाटातल्या बाटलीकडे गेलं. रेघेपर्यंत भरलेली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतके दिवस मी त्यांचं ऐकत नाही असं त्यांना वाटत होतं, आणि मी तर न सांगता आम्ल आणून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कसंसंच झालं.

"रविराज सर," त्या म्हणाल्या, "नुसती मांडणी बघून जाऊ नका. मुलं प्रयोग कसा करतात तेही बघा. जयमाला, लिटमसचा घे."

मी म्हणालो, "अहो, त्यांना वेळ असेल नसेल." रविराज म्हणाला, "आहे की, सर. बघू द्या ना." इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, "वा, वा."

जयमाला नववीची आमची पहिली. काळेवाडीच्या जुन्या घरातली, शेतं गेली आणि चाळी आल्या त्या घरांपैकी. पाठांतर लोखंडासारखं पक्कं, आणि तिचं पाठांतर हा माझा अभिमान. तिनं मिनल मॅडमनी शिकवल्याप्रमाणे जपून बाटली उघडली, परीक्षानळीत थोडं ओतलं, चिमट्यानं निळा कागद धरला आणि आत बुडवला. सगळी पोरं पुढे वाकली.

कागद बाहेर आला. ओला झालेला, चांगला निळा.

"निळा लिटमस लाल झाला," जयमाला खणखणीत आवाजात म्हणाली.

"लाल झाला," वर्ग म्हणाला.

मी जयमालाच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी पोरं मला कळतात, त्या बाबतीत मी खरोखर तज्ज्ञ आहे. तिनं कागदाकडे नीट बघितलं होतं आणि तिला लाल दिसलं होतं. शेजारच्या बंटीनं तर आपल्या वहीत लिहूनही टाकलं. मिनल मॅडमना मात्र दिसत होतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं, मग त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. बोलल्या तर त्यांची जागा जाणार होती. त्या टेबलाची कड धरून गप्प उभ्या राहिल्या.

आता सगळं रविराजवर होतं. तो कागदाजवळ गेला, वाकला, चष्मा वर सरकवून बघितला. मला वाटलं, संपलं. पोरगा क्वालिटीला आहे.

"लाल," रविराज म्हणाला. "ओके." आणि टॅबवर हिरवा ठिपका पडला.

इंद्रायणी मॅडमनी टाळ्या सुरू केल्या. मी वाचलो होतो, मिनल मॅडम वाचल्या होत्या, शाळा वाचली होती. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता रविराजच्या कानाशी जाऊन सहज विचारलं, "बाळा, तू कंपनीत नेमकं काय तपासतोस रे?"

"ब्रेकचे पार्ट, सर," तो म्हणाला. "फायनल इन्स्पेक्शन. माझ्या ओकेशिवाय गाडीला लागत नाहीत."

माझे हात थांबले. मी रोज रहाटणीच्या उतारावरून दुचाकीनं येतो. माझ्या पुढेमागे अख्खं पिंपरी-चिंचवड गाड्यांवरून चाललेलं असतं. त्या सगळ्यांच्या ब्रेककडे हा पोरगा चष्मा वर सरकवून बघणार आणि पुस्तकात काय लिहिलंय ते सांगणार. आणि हे त्याला मी शिकवलं. तो पाया पडला तेव्हा बरोबरच बोलला होता. मला मनापासून भीती वाटली, आणि लाजही वाटली, पण भीती जास्त.

"कागद निळा आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

टाळ्या थांबल्या. मग सगळा वर्ग हसला. जयमाला हसली, बंटी हसला. रविराजसुद्धा हसला, अगदी जुन्या बाकावर बसल्यासारखा.

"न्हाई सर, लाल," पोरं ओरडली.

"अरे, खरंच निळा आहे."

"न्हाई सर, लाल," या वेळी आणखी जोरात. रविराजचा आवाज त्यात होता.

"आमी न्हाई फसायचो, सर," जयमाला म्हणाली.

माझीच पद्धत माझ्यावर उलटली होती. वर्षानुवर्षं मी चुकीचं बोलायचो आणि ते बरोबर ओरडायचे. आता मी बरोबर बोलत होतो आणि ओरडणं तेच होतं. बाटलीत पाणी आहे असं सांगितलं असतं तर त्यांनी तेही हसण्यावारी नेलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही, हा पहिला नियम. तो भिंतीवर लाल अक्षरात मीच लिहिला आहे, आणि त्याच्याच खाली उभा राहून मी तीन घोट घेतले. इंद्रायणी मॅडम किंचाळल्या. रविराजनं माझा हात धरला. बंटी "सर मेले" म्हणून रडायला लागला. पाण्याला साबणाची चव होती. घासताना मी पुरेसं विसळलं नव्हतं, म्हणजे माझी स्वच्छताही कच्चीच निघाली.

"पाणी आहे," मी तोंड पुसत म्हणालो. "मीच भरलंय. रेघेपर्यंत दिसावं म्हणून. कुणीही असं प्यायचं नाही, मी मूर्ख आहे म्हणून प्यायलो. आता कागद बघा."

तेव्हा कुठे पोरांनी कागद बघितला. एकेकजण टेबलाशी येत होता आणि गुपचूप मागे जात होता. कुणी हसत नव्हतं. रविराज सगळ्यात शेवटी आला. कागदाकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता बिचारा.

"सर, मला निळाच दिसला होता," तो हळू म्हणाला. "पण तुमच्या लॅबमध्ये निळा कसा असेल, म्हणून मी…" टॅबवरचा हिरवा ठिपका त्यानं पुसला. "लाल शेरा द्यावा लागेल, सर. नियम आहे. पण पत्रात लिहिलेलं नसलं तरी लाल दिला की सुधारणेला तीन महिने द्यावे लागतात, मग फेरऑडिट. तोवर मॅडमना कुणी हलवू शकत नाही."

"आणि मग?" इंद्रायणी मॅडमनी विचारलं.

"मग मी पट्टे बघणार नाही. बाटल्या किती रिकाम्या झाल्या ते बघेन. आणि प्रयोग सरांनी स्वतः घेऊन दाखवायचा."

म्हणजे गुरुवार माझ्या गळ्यात पडलेच. वर मॅडमही वाचल्या होत्या, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. मी मिनल मॅडमकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या भयंकर चिडलेल्या होत्या.

"सर, मला एका शब्दानं विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर आम्ल नसलं तरी चाललं असतं. लिंबूसुद्धा चालतं. कुठलंही लिंबू."

त्यांची नजर दाराकडे गेली. दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती. ऑडिट नीट पार पडावं, प्रयोगशाळेला दृष्ट लागू नये म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी काळेवाडी फाट्यावरून आणून सकाळी मीच बांधली होती. शास्त्रज्ञांच्या फोटोंच्या बरोबर समोर. मी जमिनीकडे बघितलं. तिथं पिवळा पट्टा होता, अतिशय सरळ मारलेला.

मिनल मॅडमनी बाकावर चढून ती खाली काढली, मिरच्या बाजूला ठेवल्या, लिंबू कापलं आणि परीक्षानळीत पिळलं. मग नळी आणि चिमटा माझ्या हातात दिला.

"घ्या, सर. आजपासूनच."

टेबलावर रस सांडला, डाग पडला. मी नवा निळा कागद आत बुडवला आणि बाहेर काढला. या वेळी कुणी ओरडलं नाही. कागदाच्या कडेनं रंग वर चढत होता. मी हे आयुष्यात इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. शेकडो वेळा सांगितलं होतं, बघितलं मात्र नव्हतं. मला विलक्षण आनंद झाला आणि तो लपवता येईना.

"काय दिसतंय, जयमाला?" मी विचारलं.

तिनं कागद खिडकीकडे धरला, परत जवळ आणला, मान तिरकी करून बघितला. तिला उत्तर द्यायला एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"लाल न्हाई सर," ती भीत भीत म्हणाली. "गुलाबी हाय. खालच्या बाजूला जरा जास्त, वर निळंच ऱ्हायलंय."

मी बघितलं. तसंच होतं.

"मग तसं लिही."

तिनं पेन हातात घेतलं, पण लिहिलं नाही. "वार्षिक परीक्षेत पण असंच लिहू? गुलाबी लिहिलं की मार्क कापतात, सर."

"कोण कापतं?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

जयमाला खाली बघायला लागली. रविराजनंही मान फिरवली. मिनल मॅडम टेबल पुसायला लागल्या. आणि मग मला आठवलं, नववीचे पेपर मीच तपासतो.